रंगवलेल्या काँक्रीटची नव्या रंगासाठी पूर्वतयारी : प्रस्तावना

एकदा रंगवलेल्या काँक्रीटवर पुन्हा रंग चढवला, तर नवा रंग काँक्रीटला धरून बसत नाही. तो जुन्या रंगाला धरतो, जुना रंग लांबीला (पुट्टीला) किंवा गिलाव्याला धरलेला असतो आणि गिलावा काँक्रीटला. उतरंडीतले खालचे मडके कच्चे असेल, तर वरची कितीही पक्की भाजलेली असली तरी उतरंड टिकत नाही. रंगकामाचेही तसेच आहे. महागातला महाग रंग आणि वाढीव एखादा हात यांनी खालच्या सैल थराची भरपाई होत नाही. उलट नवा रंग वाळताना आक्रसतो आणि खालच्या थराला ओढ देतो. जो थर आधीच सुटायच्या बेतात असतो, तो या ओढीने लवकर सुटतो. म्हणून पूर्वतयारीचा अर्थ नेमका आहे. थरांपैकी सर्वांत कच्चा थर कोणता ते शोधायचे, तो काढून टाकायचा आणि जे पक्के उरेल ते स्वच्छ, कोरडे व किंचित खरखरीत करून घ्यायचे. पुढे येणारी प्रत्येक चाचणी आणि प्रत्येक कृती या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या कामासाठी असते.

या विषयाचा खरा कस लागतो तो कोकण किनाऱ्यावरच्या इमारतींवर. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वाऱ्याबरोबर समुद्राचे क्षार भिंतींवर येऊन बसतात आणि पावसाळा सरला की पश्चिमेकडच्या भिंती दुपारभर तापतात. आरसीसीच्या इमारती येथे १९३० च्या दशकापासून मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती त्याच काळातल्या. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. इतक्या वयाच्या इमारतीवर चुना, डिस्टेंपर, सिमेंट रंग, ऑइल पेंट आणि अॅक्रिलिक असे थर एकावर एक सापडू शकतात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. सोसायटीत दुरुस्ती आणि रंगकाम बहुधा या तपासणीच्या पाठोपाठ येतात, आणि पूर्वतयारीचा विचार करायची योग्य वेळही तीच असते.

काँक्रीट आणि सिमेंटचा गिलावा दिसायला दगडासारखे घट्ट असले, तरी आतून सच्छिद्र असतात. बारीक केशनलिकांमधून पाणी आत शिरते, आतल्या आत सरकते आणि ऊन पडले की वाफेच्या रूपाने बाहेर येऊ पाहते. दुसरा गुण अल्कधर्मी स्वभावाचा. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. नवे काँक्रीट किंवा नवा गिलावा रंगवण्याआधी किमान २८ दिवस थांबावे असे सांगतात, ते त्यातले पाणी आटावे आणि पृष्ठभागाचा तीव्रपणा उतरावा म्हणून. जुन्या भिंतीवर नव्या गिलाव्याचे ठिगळ लावले, तर तेवढ्या ठिगळालाही हाच नियम लागू होतो. बाकीची भिंत वीस वर्षांची असली, तरी ठिगळाचे वय शून्यापासूनच मोजायचे असते.

या दोन गुणांच्या मिलाफातून रंगाचे बहुतेक आजार उद्भवतात. आतले पाणी चुन्याचा अंश विरघळवून पृष्ठभागावर आणते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पांढरा, भुरभुरीत लोणा तयार होतो. तो रंगाच्या खाली साठला, तर रंगाला आतून ढकलून सोडवतो. तेलावर आधारलेल्या रंगाची गत आणखी वेगळी. ओल्या अल्कलीशी गाठ पडली की त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. रंग मऊ, चिकट होतो आणि काही ठिकाणी तपकिरी ओघळ दिसतात. अशा मऊ थरावर कोणताही नवा रंग टिकत नाही. तो कितीही जाड असला तरी खालपर्यंत काढावाच लागतो.

काँक्रीटचा अल्कधर्मीपणा आतल्या सळ्यांचा रक्षकही असतो. पण वर्षानुवर्षे कार्बन डायऑक्साइड आत झिरपून तो हळूहळू उतरवतो. या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात. ते कुठवर पोहोचले हे पाहण्याची रीत सोपी आहे. काँक्रीटचा टवका ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. शाबूत काँक्रीट गडद गुलाबी होते आणि कार्बोनेशन झालेली बाहेरची पट्टी रंगहीन राहते. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोहोचलेली असेल, तर सळईचे कवच गेलेले असते. समुद्राकाठी क्लोराइड क्षार हेच काम त्याहून लवकर करतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते, आणि त्या दाबाने सज्ज्याच्या कडा व खांबांचे कोपरे फुटतात. अशा ठिकाणी रंगाची पूर्वतयारी दुरुस्तीपासून सुरू होते.

पाहणी करताना दोष कोणता आणि तो कुठे आहे, या दोन्हींची नोंद एकत्र करावी लागते. स्नानगृहाच्या मागच्या भिंतीवर फुगे आले असतील, तर पाणी आतून येते आहे. गच्चीच्या कठड्याखाली किंवा खिडकीच्या छज्ज्याच्या वर पापुद्रे सुटत असतील, तर पाणी वरून उतरते आहे. जमिनीलगत हात-दीड हात उंचीचा ओलसर पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला लोणा असेल, तर पाणी पायातून चढते आहे. भिंतीवरून तळवा फिरवल्यावर हाताला पांढरी पावडर लागली, तर उन्हाने रंगातला बांधणारा पदार्थ झिजून नुसती भुकटी उरलेली आहे. सुसरीच्या पाठीसारख्या भेगा दिसल्या, तर मऊ थरावर कडक रंग चढवलेला असतो किंवा थर फार जाड झालेले असतात. उत्तरेकडच्या, सावलीतल्या भिंतीवरचे काळे-हिरवे डाग बहुधा शेवाळाचे आणि बुरशीचे असतात. सरळ रेषेत धावणारी, गंजाचा डाग असलेली भेग आतल्या सळईचा माग दाखवते.

या पाहणीतून पाण्याची वाट सापडली, की ती आधी बंद करावी लागते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, गळणारे पाइप, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्ज्याच्या कडेला नसलेली पाणी तोडणारी पट्टी ही कामे रंगाच्या अंदाजपत्रकात नसतात म्हणून मागे पडतात, आणि मग पुढच्याच पावसाळ्यात त्याच जागी तेच फुगे उठतात. गळती थांबवल्यावर भिंतीला सुकायला वेळ द्यावा लागतो. जाड भिंतीला त्यासाठी आठवडे लागतात. वरून कोरडी दिसणारी भिंत आत ओली असू शकते.

यानंतर जुना रंग कोणता हे ओळखायचे. भिंत ओली करून ओल्या कापडाने चोळली आणि रंग कापडावर उतरला, तर तो चुना किंवा कोरडा डिस्टेंपर असतो. हे थर पूर्ण खरवडून, धुऊन काढावेच लागतात. सिमेंट रंग, ज्याला अनेक जण आजही स्नोसेम याच नावाने ओळखतात, तो म्हातारा झाला की पावडर सोडतो; ती पावडर जाईपर्यंत त्यावर अॅक्रिलिक रंग धरत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या कापडाने चोळल्यावर थर मऊ होऊन कापडाला लागला, तर तो पाण्यावर आधारलेला इमल्शन रंग. कापड कोरे राहिले, तर ऑइल पेंट किंवा दोन घटकांचा एपॉक्सी असण्याचा संभव अधिक. नखाने दाबल्यावर दबून परत उसळणारा जाड थर लवचीक इलॅस्टोमेरिक लेपाचा. त्यावर कडक रंग दिल्यास खालची हालचाल वरच्या थराला सोसत नाही आणि भेगा पडतात. पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळत गेले, तर पृष्ठभागावर सिलिकॉनचे जलरोधक द्रव्य मारलेले असू शकते, आणि त्यावर बहुतेक रंग पकड घेत नाहीत.

ओळख पटली, तरी तो रंग ठेवायचा की काढायचा हे ओळखीवरून ठरत नाही. ते पकडीवरून ठरते. पकड तपासण्याची रूढ पद्धत एएसटीएम डी ३३५९ या मानकात दिली आहे. मूळ पद्धत धातूवरच्या रंगासाठी लिहिलेली असली, तरी भिंतीवर ती अंदाजासाठी सर्रास वापरतात. धारदार पात्याने रंगाच्या थरातून खालपर्यंत सुमारे ४० मिलिमीटर लांबीचे दोन छेद फुलीसारखे घेतात. छेदांच्या मध्यावर ठरावीक ताकदीची चिकटपट्टी दाबून बसवतात, दीडएक मिनिट थांबतात आणि पट्टी तिच्याच अंगावर उलटी दुमडून, हिसका न देता वेगाने ओढतात. फुलीच्या रेषा स्वच्छ राहिल्या, तर पकड चांगली. रेषांच्या कडेने रंगाच्या चिरफळ्या निघाल्या, तर मध्यम. फुलीबाहेरचाही रंग पट्टीबरोबर आला, तर तो थर ठेवण्यात अर्थ नाही. निकाल ५ ते ० अशा श्रेणीत नोंदवतात. पट्टीच्या पाठीला काय चिकटून आले हेही पाहायचे असते. नुसता वरचा रंग आला असेल, तर दोन रंगांमधली पकड कच्ची. लांबीची पांढरी भुकटी आली, तर दोष लांबीचा. गिलाव्याची वाळू आली, तर गिलावाच सुटतो आहे. कुठवर खरवडायचे हे यावरून कळते. चाचणी एकाच सोयीच्या जागी करून भागत नाही. चारही दिशांच्या भिंती, वरचे आणि खालचे मजले, पावसाची आणि आडोशाची बाजू असे नमुने घ्यावे लागतात.

ओलाव्यासाठी एएसटीएम डी ४२६३ ही प्लॅस्टिकच्या तुकड्याची चाचणी पुरेशी बोलकी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवून किमान १६ तास ठेवतात. काढल्यावर आतल्या बाजूला दव दिसले किंवा खालचे काँक्रीट काळपट पडलेले दिसले, तर पाणी अजून बाहेर येते आहे. रंगवलेल्या भिंतीवर मात्र एक दक्षता घ्यावी लागते. जुना रंग स्वतःच पाण्याला अडवत असेल, तर प्लॅस्टिक कोरडे राहते आणि ओल रंगाच्या पाठीमागे लपलेली असते. म्हणून प्लॅस्टिकपुरती जागा खरवडून उघडी करून मग ही चाचणी घ्यावी.

फुटलेल्या काँक्रीटची दुरुस्ती रंग काढण्याच्या आधी किंवा बरोबरीने उरकावी लागते. हातोडीने ठोकत गेल्यावर पोकळ, बद्द आवाज येईल तो भाग सुटलेला समजून काढतात. गंजलेली सळई उघडी पडली, की तिच्या मागेही सुमारे २० मिलिमीटर जागा मोकळी करावी लागते. नुसती समोरची बाजू घासून वर गिलावा थापला, तर मागचा गंज वाढतच राहतो. सळई तारेच्या ब्रशने किंवा यंत्राने उजळ करून गंजरोधक प्राइमर लावतात आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरतात. दुरुस्तीच्या कडा करवतीने काटकोनात कापून घ्याव्यात. पातळ होत गेलेल्या कडा लवकर निसटतात.

सैल रंग काढण्याची साधने भिंतीच्या अवस्थेप्रमाणे निवडतात. पत्री, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांनी लहान क्षेत्र किंवा पापुद्रे सुटलेला भाग हातानेच होतो. मोठ्या क्षेत्राला दाबाच्या पाण्याची फवारणी सोयीची. २०० बारच्या आसपासचा दाब सैल रंग आणि धूळ एकदम काढतो, पण जुन्या ठिसूळ गिलाव्यावर दाब उतरवावा लागतो आणि फवाऱ्याची टोटी भेगांवर रोखून धरायची नसते, नाहीतर आपणच पाणी भिंतीत कोंबतो. घट्ट चिकटलेल्या पण नको असलेल्या थरासाठी धूळ ओढून घेणारे ग्राइंडर वापरतात. ऑइल पेंटच्या जाड थरावर रासायनिक रिमूव्हर चालतो, मात्र त्याचा प्रत्येक अंश नंतर धुऊन काढावा लागतो. हायड्रोक्लोरिक अॅसिडने काँक्रीट खरखरीत करण्याची पद्धत रंगवलेल्या पृष्ठभागाला लागू नाही. अॅसिड सिमेंटवर काम करते, रंगावर नाही. त्यामुळे जिथे रंग आहे तिथे ते निष्फळ ठरते, आणि जिथे काँक्रीट उघडे आहे तिथे नीट न धुतल्यास सळ्यांना घातक क्लोराइड मागे ठेवते.

या टप्प्यावर उडणारी धूळ माणसांच्या जिवाशी संबंधित आहे. काँक्रीट आणि गिलावा घासताना सिलिकाचे इतके बारीक कण उडतात की ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर उपाय नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासण्यापूर्वी तपासून घेणे शहाणपणाचे. शिसे लहान मुलांच्या मेंदूला विशेष हानिकारक असते, आणि खरवडलेल्या खपल्या इमारतीखाली पडतात तिथेच मुले खेळतात. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा योग्य मास्क, शक्य तिथे ओले घासकाम, खाली अंथरलेली ताडपत्री, खपल्या गोळा करून वेगळी विल्हेवाट आणि परांचीवर सुरक्षापट्टा ही कंत्राटातली ठळक कलमे असली पाहिजेत.

सैल थर निघाल्यावर धुण्याचे काम येते. शेवाळ आणि बुरशी नुसती घासून काढली, तर छिद्रांतले अंश जिवंत राहतात आणि नव्या रंगातून पुन्हा वर येतात. एक भाग सोडियम हायपोक्लोराइटचे घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी असे द्रावण लावून १५ ते २० मिनिटे ठेवतात, ब्रशने घासतात आणि भरपूर पाण्याने धुतात. ब्लीच अॅसिडशी किंवा अमोनियाशी कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडून काढावा, कारण पाणी मारले की त्यातले विरघळणारे क्षार पुन्हा छिद्रांत शिरतात. समुद्रासमोरच्या भिंतींना गोड्या पाण्याने धुणे आवश्यकच. रंगाखाली राहिलेला क्षार थरातून पाणी शोषून घेतो आणि तिथे फोड येतात. स्वयंपाकघराच्या धुराड्याखालचा तेलकट थर डिटर्जंटने आधी काढावा, नाहीतर घासताना तेच तेल सगळीकडे पसरते.

जिथे पक्का जुना रंग ठेवला आहे आणि शेजारचा सैल रंग निघाला आहे, तिथे पायरी तयार होते. ही कड घासून उतरती केली नाही, तर वरून ती दिसते आणि रंग तिथूनच उचलायला सुरुवात करतो. त्यानंतर भेगा. आयएस ४५६ : २००० या संहितेत सर्वसाधारण परिस्थितीत भेगेची रुंदी ०.३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असे म्हटले आहे. त्यापेक्षा रुंद किंवा वाढत जाणाऱ्या भेगेबद्दल आधी अभियंत्याचे मत घ्यावे. गिलाव्यातली स्थिर भेग इंग्रजी व्ही आकारात उघडून, धूळ काढून, फिलरने भरतात. उन्हा-थंडीने उघडझाप करणाऱ्या भेगेत, विशेषतः खांब-तुळई आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे, लवचीक सीलंट लागतो. बाहेरच्या भिंतीला लांबी फक्त पांढऱ्या सिमेंटची, तीही पातळ. पीओपी आणि घराच्या आतली अॅक्रिलिक पुट्टी बाहेरच्या पाण्यात टिकत नाही.

ठेवलेला रंग चकचकीत असेल, तर त्याची चमक पॉलिश पेपरने पूर्ण मारावी. गुळगुळीत ऑइल पेंटवर आणि वाळून कडक झालेल्या एपॉक्सीवर ही पायरी वगळली, तर नवा रंग अखंड पापुद्र्यासारखा सोलून निघतो. पार्किंग किंवा कारखान्याच्या फरशीला भिंतीपेक्षा अधिक खरखरीतपणा लागतो. आंतरराष्ट्रीय काँक्रीट दुरुस्ती संस्थेने त्यासाठी सीएसपी १ ते १० अशी नमुन्यांची श्रेणी ठरवली आहे. पातळ लेपांना १ ते ३, जाड लेपांना ३ ते ५ हा टप्पा पुरतो. फरशीवरचा जुना रंग शॉट ब्लास्टिंगने काढला, तर सफाई आणि खरखरीतपणा एकाच खेपेत साधतो.

शेवटी कोरडेपणा आणि हवा. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस वर असावे हा सर्वमान्य नियम आहे. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २४ अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे भिंत २७ अंशांहून अधिक हवी. किनाऱ्यावर सकाळी सावलीतली भिंत अनेकदा त्याहून थंड असते. तेव्हा रंग देणे म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यावर रंग देणे. दुपारच्या तापलेल्या भिंतीवर उलटा दोष येतो, रंग आत मुरण्याआधीच वाळतो. म्हणून ऊन ज्या बाजूने सरते त्या बाजूने काम सरकवत नेतात, आणि मोठे रंगकाम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर, मेअखेरपर्यंत उरकतात.

प्राइमरची निवड तयार झालेल्या पृष्ठभागावरून होते. पावडर सोडणाऱ्या जुन्या थरावर खोल मुरून कण बांधणारा प्राइमर, नव्या गिलाव्याच्या ठिगळांवर अल्कलीला तोंड देणारा, घासलेल्या ऑइल पेंटवर पकड देणारा प्राइमर लागतो. भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा रंग किनाऱ्यावर सहसा अधिक टिकतो. सगळे ठरल्यावरही एक चौरस मीटरचा नमुना प्रत्यक्ष भिंतीवर, ठरवलेल्या पूर्ण पद्धतीने करून, आठवडाभराने त्यावर फुलीची चाचणी घ्यावी. संपूर्ण इमारतीचा खर्च पणाला लावण्याआधी मिळणारा हा सर्वांत स्वस्त पुरावा असतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २३९५ या दोन भागांच्या संहितेत काँक्रीट, बांधकाम आणि गिलाव्यावरील रंगकामाचे नियम आहेत. तरीही अनेक अंदाजपत्रकांत पूर्वतयारी ‘घासून, साफ करून’ एवढ्या तीन शब्दांत गुंडाळलेली आढळते. खरवडणे, धुणे, दुरुस्ती, भेगा भरणे आणि प्राइमर यांना स्वतंत्र मोजमाप व स्वतंत्र दर दिला, तरच रंगाऱ्याला त्या कामाचा वेळ आणि मोबदला मिळतो. एकत्रित दरात सर्वांत आधी कात्री लागते ती या वेळालाच. प्राइमरपूर्वी पृष्ठभाग पाहून त्यास लेखी मंजुरी द्यावी. हाताला पावडर लागत नाही, चिकटपट्टीला रंग येत नाही, प्लॅस्टिकखाली दव धरत नाही आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येत नाही, या चार गोष्टी त्या मंजुरीसाठी पुरेशा आहेत. त्यासोबत कोणत्या भिंतीवर कोणता जुना थर ठेवला, कोणता काढला, कोणता प्राइमर कोणत्या तारखेला दिला याची नोंद सोसायटीच्या दप्तरी राहिली, तर पुढच्या रंगकामाच्या वेळी जुना थर ओळखण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.